काडी, कात्री आणि उद्याचा संदेश

शनिवार, रात्री उशिरा

उद्याचा चर्चमधला संदेश योहान 15 वर: येशू द्राक्षवेल, देव माळी आणि आपण फाटे, हा तो अध्याय. गुरुवारी दिंडोरीकडच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेत, तो थोडा बोलूनही टाकला होता: जीवनात पाप असलं की देव छाटणी करतो. प्रार्थना संपल्यावर एक मावशी जवळ आल्या. सध्या द्राक्षाची खरड छाटणी, माल निघाल्यावरची, चालू आहे, कात्रीनं बोटांना घट्टे पडलेले. म्हणाल्या, "पास्टर, ज्या काडीनं आत्ताच माल दिला, तिलाच आम्ही कात्री लावतो. एक-दोन डोळे, कोंब फुटायच्या जागा, राखायचे, बाकी कापायचं. तिनं काय पाप केलं?"

घरी येऊन त्या अध्यायातलं दुसरं वचन पुन्हा वाचलं. फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो, फळ देणारा साफसूफ करतो. दोन वेगळी कामं, आणि मी दोन्हींची मिळून एक शिक्षा करून ठेवली होती. ग्रीकमध्ये हे 'साफसूफ' आणि तिसऱ्या वचनातलं 'शुद्ध' एकाच धातूचे. मराठीत ते दिसत नाही. शिष्य शुद्ध झाले ते येशूच्या वचनानं. म्हणजे कात्रीसुद्धा वचनच.

मावशींचं सगळंच मात्र मंचावर न्यायचं नाही. आपण एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळासाठीची गोडी अशा दोन छाटण्या करतो. येशूच्या देशातली वेल थंडीत पानं गाळून झोपते, तिथलं गणित वेगळं. 'पहिली छाटणी तारणाची, दुसरी पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची' असं मला सुचलं होतं. लोकांनी मोठ्यानं आमेन म्हटलं असतं. पण ते वचनात नाही, खोडलं.

आपल्यात काही जण म्हणतात, फार अभ्यास केला की आत्मा विझतो. मला हे अजिबात पटत नाही. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आत्म्याचा वर्षाव झाला, आणि तिथंच पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं. येशूचा शिष्य पेत्र, त्याच्यासमोर तर अग्नीच्या जिभा उतरल्या होत्या, तरी त्यानं लोकांपुढे योएल संदेष्ट्याचं लिहिलेलं वचन ठेवलं. संदेष्टे बोलले की इतरांनी पारख करावी, असं पौल करिंथकरांस लिहितो. गुरुवारी ती पारख मावशींनी केली.

त्याच खोलीत मागच्या वर्षी मुलगा गेलेल्या ताई बसल्या होत्या. माझं बोलणं त्यांनी कसं ऐकलं असेल, हे दोन रात्री डोक्यातून जात नाही. उद्या भक्तीआधी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागणार आहे. संदेश त्यानंतर.