गालजीबागला कुडकुडत

गोव्यात थंडी पडते हे पुण्यातल्या माझ्या नणंदेला काही केल्या पटत नाही. जानेवारीत पणजीचा पारा उतरून उतरून विशीच्या आसपास येणार, तिच्याकडे तो दहाच्याही खाली जातो, तेव्हा आकड्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. तिला एकदा जानेवारीतल्या पहाटे दक्षिण गोव्यातल्या गालजीबाग किनाऱ्याच्या रेतीत अनवाणी उभी करायला हवी.

आमचं फोंड्याचं फुगडी मंडळ. चवथीच्या स्पर्धांतल्या बक्षिसाचे थोडे पैसे बाजूला ठेवून आम्ही सहल काढतो. घरी सांगताना 'श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाला जातो' असं सांगायचं, आणि जातोही. पण पहाटे साडेचारला मिनीबस निघते ती दर्यासाठी. उन्हात किनाऱ्यावर जाणं हे पर्यटकांचं काम, असं आमच्या पेटीवाल्या मावशींचं मत आहे. मावशींपुढे मंडळात कोणी बोलत नाही.

बोरीचा पूल, मडगाव, कुंकळ्ळी सगळं झोपेत गेलं. करमल घाटाच्या वळणांनी जाग आली. काणकोणचं चावडी गाव ओलांडून गालजीबागला उतरलो तेव्हा जेमतेम फटफटत होतं. सुरूच्या बनातून चालताना पायाखाली सुयांचा थर, तो दवाने ओला. बनाबाहेर पडलो आणि पाठीवर वारा आला. हो, पाठीवर. दर्याकडून नाही, डोंगराकडून. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते, मग सह्याद्रीकडची गार हवा समुद्राकडे वाहते. शाळेत 'मतलई वारे' म्हणून घोकलं होतं ते हेच. त्या वाऱ्याने लाटाही दबलेल्या, तळपणच्या बाजूपासून पार दुसऱ्या टोकापर्यंत किनारा रिकामा, आणि पाणी राखाडी, गुळगुळीत.

पाण्यात जायला कोणी तयार नाही. शाली, स्वेटर, एकीने तर नवऱ्याची कानटोपी आणलेली. शेवटी धाकटी जाऊ साडी खोचून पुढे गेली आणि किंचाळली, "अगे, उदक हून गो!"

खरंच. अंगावर काटा, आणि पायांना कोमट पाणी. जानेवारीतही आपल्याकडे समुद्र २७-२८ अंशांच्या आसपास असतो, हवा त्याहून बरीच गार. मग काय, थंडी टाळायला म्हणून सगळ्या पाण्यात! बाहेर कोणी यायला मागेना, कारण बाहेर आलं की दात वाजायचे. किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सूर्य उगवला तो आमच्या पाठीमागे. ऊन आधी लांब पाण्यावर पडलं, मग एका होडीवर, आणि आम्ही मात्र कितीतरी वेळ सुरूंच्या सावलीत. एवढ्या आतुरतेने उन्हाची वाट गोव्यात कोण बघतं?

ओहोटीच्या ओल्या रेतीवर बारक्या कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, रेतीच्या गोळ्या मांडून ठेवल्या होत्या, ठिपक्यांची रांगोळी घालावी तशा. त्या चुकवत चालताना जाळीचं कुंपण दिसलं. आत कासवाचं घरटं. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे २०११ च्या किनारी अधिसूचनेत कासवांसाठी नावानिशी राखलेले आहेत. इथे येते ती ऑलिव्ह रिडले. मादी रात्री येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, रेती लोटते आणि परत जाते. पिल्लं बाहेर पडायला दीडेक महिना किंवा थोडा जास्त. राखणीला असलेल्या माणसाने आणखी एक सांगितलं: रेती गरम असेल तर माद्या जास्त निपजतात, गार असेल तर नर.

"म्हणजे थंडीत मुलगे?" मावशींनी विचारलं.

"साधारण तसंच."

"माझ्या सासूला हे ठाऊक असतं तर मला डिसेंबरात अंगणात झोपवलं असतं."

तो बिचारा लाजून जाळी तपासायला लागला. मावशींना चार मुली आहेत, चौघीही हुशार.

कुंपणापासून चांगलं लांब जाऊन फुगडी घातली. कोरड्या रेतीत पाय रुततात, गिरकीच येत नाही. ओल्या, घट्ट पट्ट्यावर मात्र मस्त जमलं. कानटोपीवाली सगळ्यात जोरात.

नऊनंतर ऊन अंगावर आलं, वारा पडला आणि स्वेटर एकेक करून माझ्या पिशवीत जमा झाले. पिशवी माझी मोठी, हा काही माझा गुन्हा नाही. दुपारी खारा वारा सुटून लाटा उसळण्याआधीच निघालो. आधी देऊळ, मग मासे, हा क्रम सुदैवाने सगळ्यांना मान्य. मल्लिकार्जुनाच्या मंडपातले कोरीव लाकडी खांब मी दर वेळी हात लावून बघते, या वेळी ओल्या केसांनी.

चावडीला थाळी. बांगडे संपले होते, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं मिळालं. कानटोपीवालीला तिथे आठवलं की आज संकष्टी. तिने बाहेरून केळी आणली, आणि मावशींनी तिच्या वाटच्या तिसऱ्या ओढून घेतल्या.