पायी चालणारी जीप

मिरवणुकीत लष्करी जीप दिसली की बघणारे म्हणतात, हिला काय, हिने चिखल नि नदीनाले तुडवलेत; इंदूरच्या खजुरी बाजारातून राजवाड्यापर्यंतचा डांबरी रस्ता म्हणजे हिच्या डाव्या हातचा मळ. १९४१ ते १९४५ मधली विलीज एमबी ही लष्करी जीप चढ चढेल, नाला ओलांडेल, पण लेझीमच्या मागून चालायचं म्हटलं की तिला घाम फुटतो.

बहुतेक जण पहिला गिअर टाकतात आणि क्लचवर पाय ठेवून बसतात. साध्या पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर घुरघुरत असलं तरी गाडी ताशी सहा किलोमीटरने पुढे सरकते. झांकीपुढची, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यापुढची मंडळी एवढं कुठली चालायला! मग क्लच अर्धा दाबा, सोडा, पुन्हा दाबा; थोड्याच वेळात जळका वास येतो. गिअरच्या शेजारी दोन छोटे लीव्हर असतात, ते ह्याचसाठी. गाडी पूर्ण उभी करून लो रेंज, म्हणजे कमी गतीची जोडणी, टाकली की गती जवळजवळ निम्मी होते आणि त्याच ६०० फेऱ्यांत जीप ताशी तीनच्या जरा वर, आजीच्या देवळात जायच्या चालीने, क्लचला पाय न लावता चालते. शिवाय पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. लो रेंजमध्ये ताशी पाच गाठायला इंजिन ९०० च्या पुढे न्यावं लागतं, म्हणजे रेडिएटरला वाराही जास्त. पट्टा अंगठ्याने दाबून साधारण इंचभर खाली गेला पाहिजे. त्याहून सैल असला तर हा सगळा हिशेब फुकट.

पण मूळ एमबीत पुढची चाकंही इंजिनला जोडल्याशिवाय लो रेंज लागत नाही, आणि पंचाईत होते ती वळणावर. पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. मातीत चाक जरा घसरतं आणि फरक मिटतो. कोरड्या डांबरावर तो पीळ होऊन शाफ्टमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात आणि लीव्हर जागचा हलत नाही. त्यावर लाथ मारू नये. दोन हात रिव्हर्स घेतलं की पीळ सुटतो आणि लीव्हर अलगद निघतो. काही मिस्त्री आतली अडकणीची पिनच काढून टाकतात, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर लो रेंज चालते. सपाट रस्ता आणि दोन-तीन माणसं असली तर ठीक. भरल्या गाडीने चढावर हा खेळ केला की मागचा एक्सल भोगतो.

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे पुढाऱ्याचं भाषण. मिरवणूक थांबते, चालक पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करतो. पंखा थांबला, पण इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची उष्णता तिथंच राहते, आणि पेट्रोल पंप नेमका त्याच बाजूला. पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफच ओढत बसतो. भाषण संपतं, बँड सुरू होतो, जीप मात्र मख्ख. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकावं, पंपाचा छोटा हातदांडा दहा-पंधरा वेळा हलवावा, मग पायाखालचं स्टार्टरचं बटण दाबावं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपातला पडदा आधीच बदलून घ्यावा. आताचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही.

ब्रेकची एकच लाइन, त्यामुळे एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. निघण्याआधी पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरावं. ते हळूहळू खाली बसत गेलं तर त्या दिवशी जीप घरीच बरी. समोर पोरं नाचत असतात.

रंगाचं विचाराल, तर आपल्याकडे गंमतच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम संरक्षण खात्याबाहेरच्या गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग लावू देत नाही. तेव्हा मूळ छटेसाठी हट्ट धरू नये, वाळूचा रंग बरा. लष्करी नंबरातला वर टोक केलेला बाण तर मुळीच रंगवू नये. गाडीला पन्नास वर्षं झाली असतील तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घेता येतो, पण मग ती रोज दूध आणायला नेता येत नाही.

राहिला सत्कार. एमबीच्या जाळीला नऊ उभ्या फटी. नंतरच्या नागरी जीपना सातच, एवढ्यावरून जाणकार लांबूनच ओळखतात. आणि उत्साही कार्यकर्ते बरोबर त्याच फटींवर झेंडूच्या जाड माळा बांधतात. वारा अडतो, शिवाय पाकळ्या सुटून आत शिरतात आणि रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये अडकतात. माळ बॉनेटवर किंवा काचेच्या चौकटीला बांधायला सांगावी. घरी आल्यावर इंजिन गार होऊ द्यावं, मग पंख्याच्या बाजूने, म्हणजे आतून बाहेर, बेताचं पाणी मारावं. समोरून मारलं तर पाकळ्या आणखी आत रुततात, आणि आठवडाभराने वाळल्या की टूथब्रश घेऊन एकेक काढत बसावं लागतं.