तुम्ही विचारलंत म्हणून: चार एकरांच्या नांगरटीला किती एचपीचा ट्रॅक्टर?

“चार एकर रान आहे, नांगरट आणि डिस्क हॅरो दोन्ही घरच्या घरी करायचे आहे, तर किती एचपीचा ट्रॅक्टर घ्यावा?” हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, दूध संस्थेच्या दारात आणि फोनवर जवळजवळ याच शब्दांत विचारला जातो. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो आणि मी उलट विचारतो की रान कोणते आहे. पुष्कळांना ती टाळाटाळ वाटते, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो. एकर किती यावरून ट्रॅक्टर किती तास चालेल एवढेच ठरते. त्याला जोर किती लागेल हे मातीवर आणि नांगर किती खोल घालायचा त्यावर ठरते. कृष्णाकाठच्या काळ्या रानातले एक एकर नांगरायला जो ट्रॅक्टर लागतो, तोच तिथली वीस एकरेही नांगरतो, आणि माळावरच्या मुरमाड दहा एकरांना त्याहून हलका ट्रॅक्टर सहज चालतो.

हिशेब अवघड नाही. नांगर मातीचा जेवढा भाग कापतो, त्याच्या दर चौरस सेंटीमीटरला हलक्या जमिनीत साधारण 0.3, मध्यम जमिनीत 0.5 आणि भारी काळ्या जमिनीत 0.7 किलो किंवा त्याहूनही जास्त ओढ लागते. दोन फाळांचा पलटी नांगर (माती कापून उलथी टाकणारा) 60 सेंटीमीटर रुंद आणि 20 सेंटीमीटर खोल चालला, तर 1,200 चौरस सेंटीमीटर माती कापली जाते, आणि काळ्या रानात त्याची ओढ 840 किलोंच्या घरात जाते. ताशी 4 किलोमीटर वेगाने ती ओढायला सुमारे साडेबारा एचपी लागतात. हे ऐकून पंधरा एचपीचा मिनी ट्रॅक्टर पुरेल असे वाटते, पण इंजिनाच्या जोरातला फार तर निम्मा-पाऊण भाग रानात प्रत्यक्ष ओढीला मिळतो. उरलेला गिअर, टायर आणि मातीतल्या घसरणीत जातो. त्यावर, रब्बीचे पीक निघाल्यावर कडक वाळलेल्या रानात उन्हाळी नांगरट करायची म्हणजे ओढ आणखी वाढते, आणि त्यासाठी थोडा जोर हाताशी शिल्लक असावा लागतो. म्हणून आपल्याकडे दोन फाळी पलटीला 45 ते 50 एचपीचा ट्रॅक्टर जुंपतात, त्यात उधळपट्टी नाही.

एचपीइतकेच महत्त्व वजनाला आहे, आणि ते कोणी विचारत नाही. दोन चाकांवर ओढणारा ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या निम्म्याहून कमीच ओढ घेऊ शकतो; त्यापुढे इंजिनात कितीही दम असला तरी चाके जागच्या जागी फिरतात आणि टायर झिजतात. मिनी ट्रॅक्टरचे वजन आठशे किलोंच्या आसपास असते, पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरचे दोन टनांच्या आसपास. वर काढलेली 840 किलोंची ओढ यांपैकी कोणाला झेपेल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय तीन-साडेतीनशे किलोंचा पलटी नांगर उचलला की हलक्या ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडू पाहतात, आणि बांधावर वळताना हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

डिस्क हॅरोचे, म्हणजे नांगरटीनंतर ढेकळे फोडणाऱ्या तव्यांच्या अवजाराचे, काम त्या मानाने सोपे. बारा-चौदा तव्यांचा हॅरो स्वतःच्या वजनाने आणि तव्यांच्या कोनाने रानात रुततो, त्यामुळे हलका हॅरो ढेकळांवरून नुसता घसरत जातो. तो वजनदारच घ्यावा आणि त्याला 35 ते 45 एचपीचा ट्रॅक्टर पुरतो. वळीव पडून गेल्यावर, वाफसा आला, म्हणजे मातीत बेताची ओल राहिली, की ढेकळे आपोआप फुटायला लागतात. तेव्हा केलेल्या दोन पाळ्या वाळल्या रानातल्या चार पाळ्यांपेक्षा चांगल्या होतात.

आता तासांकडे येऊ, कारण चार एकरांचा खरा निर्णय इथे आहे. वर सांगितलेल्या नांगराने, वळणे धरून, एकराला सव्वादोन ते अडीच तास लागतात; म्हणजे चार एकर नांगरायला नऊ-दहा तास, आणि हॅरोच्या दोन पाळ्यांना आणखी पाचेक तास. रान तुकड्यांत असेल तर वेळ वाढतो: वीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा सुमारे 148 फूट लांब-रुंद असतो, आणि दोन्ही टोकांना वळायला वीस-वीस फूट सोडले, तर चौथाईहून अधिक रान मागाहून आडवे नांगरावे लागते. तरीही वर्षाचे सगळे मिळून वीस तास होतात. ट्रॅक्टरचा खर्च काढताना कृषी अभियंते त्याचा वापर वर्षाला साधारण हजार तास धरतात. वीस तासांसाठी पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दारात बांधून हप्ते भरणे मला पटत नाही. (कारखान्याला ऊस वाहायचा असेल, तर तो धंदा वेगळा आणि त्याचा हिशेबही वेगळा.)

म्हणून काळ्या रानातल्या चार एकरवाल्याला मी सांगतो की नांगरट भाड्याने करून घ्या. सोयाबीन-हरभऱ्याच्या रानाला ती दरवर्षी खोल करण्याचीही गरज नसते. दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते. घरचा ट्रॅक्टर घ्यायचाच असेल, तर उसाच्या सरीतली आंतरमशागत, फवारणी, छोटा रोटाव्हेटर अशा वारंवार निघणाऱ्या कामांच्या मापाचा, म्हणजे वीस ते तीस एचपीचा घ्या. भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी मेअखेर नंबर लावून बसावे लागते, ही तक्रार खरी आहे. पण पीक निघाल्यावर लगेच, एप्रिलमध्येच सांगून ठेवले तर ती बरीच कमी होते. मध्यम किंवा मुरमाड रान असेल आणि भावकीतली दहा-पंधरा एकरे एकत्र करायची असतील, तर 35 ते 40 एचपीचा घरचा ट्रॅक्टर पलटी आणि हॅरो दोन्ही ओढेल.

विकत घेताना विक्रेत्याकडे मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या, ट्रॅक्टर तपासणाऱ्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागा. इंजिनाचा एचपी मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. पीटीओवर (अवजारे फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर) किती मिळतो, ओढ किती आणि लिफ्ट किती वजन उचलते, हे त्या अहवालात असते. मग ट्रॅक्टर आपल्याच रानात, सर्वांत कडक तुकड्यात, आपलाच नांगर लावून चालवून बघा. मागच्या चाकावर खडूची खूण करा आणि नांगर वर उचलून चाकाचे दहा फेरे किती अंतर जातात ते मोजा. नंतर नांगर घालून पुन्हा दहा फेरे मोजा. रिकाम्याने 40 मीटर गेले आणि नांगरासकट 34 मीटर, तर घसरण 15 टक्के झाली, आणि तेवढी चालते. त्याहून जास्त निघाली तर टायरांत पाणी भरून किंवा चाकांना वजने लावून पुन्हा मोजा, आणि तरीही आकडा उतरला नाही, तर त्या रानात तो नांगर त्या ट्रॅक्टरला जड आहे.