तुम्ही विचारलंत म्हणून: केवढा होता तो पक्षी?

मी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळवतो, म्हणजे फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ. माझ्या टेबलावर खेळून गेलेली मंडळी नव्या माणसांना त्यातल्या माझ्या एका राक्षसी पक्ष्याबद्दल सांगतात. मग ती नवी माणसं मला हमखास विचारतात, "केवढा होता हो तो?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगून टाकतो. उभा राहिला तर माणसाच्या कमरेएवढा. बस्स.

त्याच्या आधीचा होता तो मात्र अवाढव्य. पंख पसरले की पन्नास फूट, हिट पॉइंट्स (किती मार खाऊन जिवंत राहतो ते) दोनशेच्या वर, चोचीच्या माराला वेगळे फासे, नख्यांच्या माराला वेगळे. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून मी नवखा होतो, आणि नवख्याला मोठं ते भयंकर वाटतं. तो आला, पार्टीसमोर (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीसमोर) उतरला आणि मातीत पाय रोवून पैलवानासारखा लढला. चौथ्या राउंडला मेला. एक खेळाडू तोवर मोबाइल बघत बसला होता. मी त्याला बोललो नाही, कारण उडणारं जनावर खाली येऊन मार खातंय, यात भ्यायचं काय?

शिवाय पक्षी सगळ्या बाजूंनी दुप्पट केला की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. जादूच्या जगात हेही चालून जातं म्हणा. पण खऱ्या जगात न्यूझीलंडचा हास्ट गरुड जास्तीत जास्त १५ किलोच्या आसपास भरायचा आणि दोनशे किलोंच्या मोआवर, म्हणजे न उडणाऱ्या एका थोराड पक्ष्यावर, झडप घालायचा. मोआच्या कमरेच्या हाडांवर त्याच्या नख्यांच्या खुणा सापडल्या आहेत. हे वाचलं आणि माझे पन्नास फूट मी खोडून टाकले.

खरा धडा मात्र दिला खाटकाने. खाटीक म्हणजे तोच, जेमतेम ५० ग्रॅमचा पक्षी. त्याच्या पायांत शिकार दाबून धरायचा जोर नसतो, म्हणून तो ती काट्यात खुपसतो आणि मग चोचीने फाडतो. सरडे, उंदीर, नाकतोडे. उत्तर अमेरिकेतला एक खाटीक तर विषारी नाकतोडा सापडला की लगेच खातच नाही. एक-दोन दिवस काट्यावर टांगून ठेवतो, विष ओसरलं की खातो.

तेवढ्यावर माझा पक्षी उभा राहिला. पहिल्या सेशनमध्ये तो दिसलाच नाही. दिसलं ते घाटवाटेवरचं एक काटेरी झुडूप. त्यात दोन ससे, एक घुबड आणि एक हातमोजा टांगलेला. हातमोजा रिकामा नव्हता. पार्टीतल्या चोराच्या पात्राने शक्कल लढवली: एक बोकड मारायचा, त्यात विष भरायचं आणि वाटेवर ठेवायचा. सकाळी बोकड गायब. सगळे खूश. पुढच्या रात्री तोच बोकड झुडपात लटकलेला सापडला, चोच न लावलेला. मी काहीही समजावून सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याची फक्त हाडं उरली होती, आणि पक्षी धडधाकट. टेबलावर जी शांतता पसरली, ती मला दोनशे हिट पॉइंट्सनी कधीच मिळाली नव्हती.

(खाटीक दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची नक्कलही करतात. ती मी मुद्दाम वापरली नाही. मित्राच्या आवाजात हाक मारणारे राक्षस आता फार झाले.)

लढतो कसा? माणूस उचलायची ताकद त्याच्यात नाहीच. कड्यावरून चालणाऱ्याच्या पाठीवर तो मागून आदळतो आणि त्याला ढकलून देतो. सोनेरी गरुड डोंगरी शेळ्यांना असेच कड्यावरून खाली पाडतात. दर दहा फुटांच्या पडण्याला सहा बाजूंच्या एका फाशाएवढी इजा, हा खेळातला आपला नेहमीचाच नियम. बाकीचं काम कडा करतो. नंतर तो सावकाश खाली जातो आणि टांगण्याजोगे तुकडे वेचतो.

आणि तो शूर नाही. शिकारी पक्ष्याचा पंख दुखावला की उपासमार ठरलेली, म्हणून जखम झाली की तो निघून जातो. त्याचे हिट पॉइंट्स फक्त ३८. निम्मे गेले की उडाला. पुन्हा येतो तेव्हा ते भरलेले असतात. पार्टीने आजवर त्याला तीनदा १९ वर आणलंय.