भूकंपाला भिऊन देव बदलला का?

मी ख्रिस्ती का झाले, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नात विचारता, मयतीला विचारता, परवा औशाच्या बसस्टँडवर माहेरच्या एका काकूंनीही तेच विचारलं, "कामून गं बाई, भूकंपाला भिऊन देव बदललीस का?" पैसे किती मिळाले, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. एक रुपया नाही, उलट माहेरची दिवाळी गेली. हा गोऱ्यांचा धर्म म्हणणाऱ्यांनी जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव बघून यावं. ते वसवणारे नारायण शेषाद्री जन्मानं ब्राह्मण, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले. काकूंचा प्रश्न मात्र मला असा झटकता येत नाही. मी भ्याले होते. पण भूकंपाला भ्याले असते तर त्याच वर्षी ख्रिस्ती झाले असते. त्याला पुढं बरीच वर्षं लागली.

किल्लारी-सास्तूरचं तुम्हाला नव्यानं काय सांगायचं? आमचं गाव त्याच पट्ट्यातलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चिमी आजीजवळ झोपली होती. माझी धाकटी बहीण, नऊ वर्षांची. दोघी गेल्या.

आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो तेव्हा एक प्रचारक आला. ब्लँकेटं वाटून झाल्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "हा देवाचा कोप आहे. मूर्ती सोडा, नाहीतर याहून वाईट होईल." आई तांदूळ निवडत होती, ती थांबली. आण्णा खाली मान घालून बसले. त्या माणसाला आण्णांचं काय ठाऊक असणार? आदल्या वर्षी, १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धक्के बसायचे, जमिनीतून गडगड यायची, तेव्हा लोक घराबाहेर झोपत होते. आम्हीही. मग धक्के थांबले, थंडी वाढली आणि आण्णा म्हणाले, चला आत. त्या एका वाक्यापायी ते रोज मरत होते. आणि हा परका माणूस त्यांना देवाचा इशारा समजावत होता! मी उठले. म्हणाले, "नऊ वर्षांच्या पोरीनं कोणतं पाप केलं ते सांगा." तो म्हणाला, देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत. "मग कोप आहे हे बरं कळलं तुम्हाला," म्हणून मी त्याचं ब्लँकेट त्याच्या पायाशी टाकलं. तो गेल्यावर आईनं ते उचलून आणलं. रात्री गारठा होता.

पुढं नर्सिंग करून एका मिशनच्या दवाखान्यात लागले. तिथल्या वयस्कर सिस्टरना एका रात्रपाळीत मी हे सगळं ऐकवलं, त्यांना लागावं म्हणूनच. त्यांनी वाद घातला नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढून दिला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच सांगतो, नाही. हे 'नाही' कुणीतरी म्हणावं म्हणून मी किती वर्षं थांबले होते! मला रडू कोसळलं. पण त्याच्या पुढचं वाक्य आहे: पश्चात्ताप केला नाहीत, तर तुमचाही तसाच नाश होईल.

मी चिडले. हेच तर तो म्हणत होता! सिस्टर म्हणाल्या, "तो प्रचारक मेलेल्यांबद्दल बोलला. हे तुला विचारलंय."

मला विचारलं होतं आणि मला उत्तर माहीत होतं. आण्णांना मी माफ केलं नव्हतं. ते वारले तोवर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्या प्रचारकावर आवाज चढवणारी मी, माझ्या बापाला रोज दोषी ठरवत होते. तो हिशेब देवासमोर मांडला जाणार, याला मी भ्याले. ते फेडायला आण्णाही उरले नव्हते. माझी शिक्षा येशूनं वधस्तंभावर स्वतःवर घेतली हे ऐकलं, तेव्हा मी ते धरलं, आणि अजून धरून आहे.

शेडातली ती मुलगी, तेव्हाची मी, मला आजही म्हणते, शेवटी त्या प्रचारकाच्याच पंगतीला जाऊन बसलीस. मी तिला बायबलमधल्या योना संदेष्ट्याचं सांगते. चाळीस दिवसांत निनवे शहर उलथून पडेल असा इशारा त्यानं दिला, लोकांनी ऐकलं, देवानं नाश टाळला, आणि योना रुसला. तेव्हा देव त्याला म्हणाला, या शहरात उजवं-डावं न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, गुरंढोरंही पुष्कळ आहेत, त्यांची मला कीव येऊ नये का? त्या एक लाख वीस हजारांत मी चिमीला धरते. चर्चच्या एका पाळकांना विचारलं, ते लगेच "हो" म्हणाले. दुसरे गप्प राहिले. दोघांनीही माझं समाधान झालं नाही. ती मुलगीही ऐकून घेते, पटलं म्हणत नाही.

आणि आई आहे. ती अजून गणपती बसवते. न्याय होणार यावर माझा विश्वास आहे, मग आईला सांगायचं नाही तर कुणाला? मागच्या वर्षी धीर करून एवढंच म्हणाले, "आई, एकदा येशूशी बोलून बघ." तिनं विचारलं, "त्या ब्लँकेटवाल्याचा देव का?" मला पुढं बोलता आलं नाही. काकू, तुमच्या प्रश्नाचा राग येतो तो यामुळं. आईला मला सांगायचंच आहे. त्या माणसासारखं न होता कसं सांगायचं, ते अजून सापडलेलं नाही.