गेस्ट हाउसचं परदेशी सॉफ्टवेअर आणि वरचे १८ टक्के

‘रिव्हर्स चार्ज भरा, तेवढंच क्रेडिट घ्या, खिशाला तोशीस नाही.’ परदेशी सॉफ्टवेअरवरच्या जीएसटीबद्दल हा सल्ला सर्रास दिला जातो. रिव्हर्स चार्ज म्हणजे विक्रेत्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर, आणि क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करणं. वेर्ण्याच्या कारखान्याला किंवा पर्वरीच्या डिझाइन स्टुडिओला हा सल्ला लागू पडतो. कळंगुटच्या गेस्ट हाउसला किंवा म्हापशातल्या छोट्या रेस्टॉरंटला लागू पडत नाही, कारण त्यांना बहुधा क्रेडिटच मिळत नाही. गोव्यात असे धंदे गल्लोगल्ली आहेत आणि बुकिंगचं, बिलिंगचं, वेबसाइटचं काही ना काही सॉफ्टवेअर बाहेरून घेणारेही त्यांत पुष्कळ आहेत. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी बिल नीट वाचा. कंपनीचं नाव परदेशी असलं तरी बिल तिच्या भारतातल्या कंपनीकडून येत असेल, तर ती साधी देशांतर्गत खरेदी. त्यावर भारतीय राज्याचा जीएसटी नंबर असतो, कर लावलेला असतो आणि तुमचा ३०ने सुरू होणारा गोव्याचा नंबर दिला असेल तर ते बिल जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या यादीत, आपोआप दिसतं. विक्रेत्याचा नंबर ९९ने सुरू होत असेल, तर तो परदेशातूनच ऑनलाइन सेवा देणारा आणि भारतात फक्त त्यापुरता नोंदलेला विक्रेता. नंबरच नसेल, पत्ता अमेरिकेचा किंवा आयर्लंडचा असेल, तर सरळ सेवेची आयात.

तुमची जीएसटी नोंदणी असेल तर खात्याच्या बिलिंग सेटिंगमध्ये तीन गोष्टी भरा: धंद्याचं नाव, गोव्याचा पत्ता, जीएसटी नंबर. नंबर दिला नाही तर ९९वाला विक्रेता तुम्हाला बिगरनोंदणीकृत ग्राहक समजून १८ टक्के लावतो आणि त्या पैशांचं क्रेडिट कुठेच मिळत नाही. देश चुकीचा राहिला तर युरोपातला व्हॅट किंवा अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा सेल्स टॅक्स बिलात चढतो. तो इथे वळता होत नाही, विक्रेत्याकडून बिल दुरुस्त करून घेणं हाच उपाय. मालकाच्या खासगी कार्डावर आणि खासगी ईमेलवर चालणारी वर्गणी ही आणखी एक अडचण. ते बिल अकाउंटंटपर्यंत पोचतच नाही आणि वर्षाअखेरीस कार्डाचं स्टेटमेंट चाळताना एकदम बारा नोंदी सापडतात.

आता कराचं गणित. डाउनलोड केलेलं किंवा ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर ही कायद्याने सेवा आहे. विक्रेता भारताबाहेर आणि घेणारा गोव्यातला नोंदणीकृत धंदा असला की आयजीएसटी (आंतरराज्य आणि आयातीच्या व्यवहारांवरचा जीएसटी) कायद्याच्या कलम ५(३) खाली कर घेणाऱ्याने भरायचा. दर १८ टक्के, आणि तो नेहमी आयजीएसटीच. अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा असे दोन भाग करून भरला तर तो चुकीच्या खात्यात जातो. तुमच्याकडे क्रेडिट कितीही शिल्लक असो, हा कर कॅश लेजरमधूनच, म्हणजे पोर्टलवर रोख जमा केलेल्या पैशांतूनच, भरावा लागतो.

समजा वार्षिक वर्गणी १,२०० डॉलर आणि त्या दिवशीचा दर ८८ रुपये. रक्कम झाली १,०५,६०० रुपये, त्यावर आयजीएसटी १९,००८. विक्रेत्याची भारतात नोंदणी नसली की स्वतःच्या नावाने सेल्फ-इन्व्हॉइस (विक्रेत्याऐवजी घेणाऱ्याने स्वतः तयार केलेलं बिल) करावं लागतं आणि १ नोव्हेंबर २०२४पासून त्याला सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. त्यात वेगळी क्रममालिका ठेवा. विक्रेत्याचं नाव, देश आणि पत्ता, सेवेचा कोड (सॉफ्टवेअर वापरण्याच्या परवान्याला ९९७३३१), परकीय चलनातली रक्कम, धरलेला दर, रुपयांतली रक्कम, कर, पुरवठ्याचं ठिकाण ‘३०-गोवा’ आणि ‘रिव्हर्स चार्ज: होय’ एवढं हवं. विक्रेत्याचं मूळ बिल मागे जोडा, सोबत पेमेंट व्हाउचरही करा.

कर कोणत्या महिन्यात बसवायचा? पैसे वहीत नोंदले ती तारीख, बँकेतून गेले ती तारीख आणि सेल्फ-इन्व्हॉइसची तारीख, यांतली जी आधीची ती. पैसे जातात त्याच दिवशी सेल्फ-इन्व्हॉइस करण्याची सवय लावली की हा प्रश्न उरत नाही. नोव्हेंबरात वर्गणी गेली तर नोव्हेंबरच्या जीएसटीआर-३बी या रिटर्नमध्ये, ३.१(डी) या रकान्यात दाखवायची, २० डिसेंबरच्या आत. तिमाही रिटर्न भरणाऱ्यांनी तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांतला कर पीएमटी-०६ चलनाने पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचा. हीच नोंद राहून गेली आणि ३१ मार्चला लक्षात आलं, तर १०१ दिवसांचं १८ टक्क्यांनी व्याज साधारण ९४७ रुपये. रक्कम छोटी वाटते, पण पाच-सहा वर्गण्या आणि दोन-तीन वर्षं एकदम निघाली की चांगलाच चटका बसतो. ही खरेदी २बी मध्ये दिसत नाही, त्यामुळे २बी बघून रिटर्न भरणाऱ्याच्या हातून ती हमखास सुटते.

क्रेडिट ज्यांना मिळतं त्यांनी ते ३बीच्याच ४(ए)(२) या रकान्यात, सेवेची आयात म्हणून घ्यावं. ऑगस्ट २०२४पासून पोर्टल ३.१(डी) मध्ये भरलेला कर आणि ४(ए) मध्ये घेतलेलं क्रेडिट यांचा ताळा ठेवतं. आकडे जुळत नसतील तर तिथेच इशारा येतो.

२२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, पण क्रेडिटशिवाय. आधी १२ टक्के होता आणि क्रेडिट मिळायचं. ३,००० रुपयांना खोल्या देणाऱ्या गेस्ट हाउसला वरच्या उदाहरणातले १९,००८ रुपये आता निव्वळ खर्च. १८ टक्के लावून क्रेडिट घेऊ, असा पर्याय या खोल्यांना नाही. ५ टक्क्यांवर चालणाऱ्या रेस्टॉरंटचं आधीपासूनच असं आहे. म्हणून सॉफ्टवेअरच्या किमतींची तुलना करताना परदेशी विक्रेत्याच्या आकड्यात १८ टक्के मिळवा आणि देशी विक्रेत्याचाही करासकट आकडा धरा. बिलावर कर दिसत नाही म्हणून परदेशी माल स्वस्त भासतो.

हंगामाप्रमाणे भाडं बदलणाऱ्या हॉटेलांचं गणित जास्त किचकट. तीच खोली पावसाळ्यात ४,५०० ला आणि नाताळात ९,००० ला जाते. पहिल्या भाड्यावर ५ टक्के आणि क्रेडिट नाही, दुसऱ्यावर १८ टक्के आणि क्रेडिट आहे. सॉफ्टवेअर मात्र दोन्हींसाठी एकच. अशा वेळी क्रेडिट नियम ४२ प्रमाणे वाटून, ५ टक्क्यांच्या उलाढालीचा वाटा ४(बी)(१) मध्ये परत करायचा. त्या महिन्याच्या २० लाखांपैकी १५ लाख स्वस्त खोल्यांचे असतील तर १९,००८ पैकी १४,२५६ परत जातात, हाती उरतात ४,७५२. वर्षाची वर्गणी ज्या महिन्यात भरली त्या महिन्याचं प्रमाण लागतं, मग वर्षाअखेरीस पूर्ण वर्षाच्या उलाढालीवर पुन्हा हिशेब करून फरक मिटवावा लागतो. जानेवारीत भरलं म्हणून जास्त क्रेडिट कायमचं पदरात पडत नाही.

कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची योजना) असलात तरी रिव्हर्स चार्ज सुटत नाही. पूर्ण १८ टक्के, सीएमपी-०८ या त्या योजनेच्या फॉर्ममधून, क्रेडिटशिवाय.

ज्यांची नोंदणीच नाही (गोव्यात सेवांसाठी मर्यादा २० लाख), त्यांच्यासाठी १ ऑक्टोबर २०२३पासून चित्र सोपं झालं: ऑनलाइन सेवेवरचा कर परदेशी विक्रेत्यानेच आकारून भरायचा. पण परदेशातल्या फ्रीलान्सरकडून खास वेबसाइट बनवून घेतली, आणि ते काम ऑनलाइन सेवेच्या व्याख्येत बसलं नाही, तर कर घेणाऱ्यावर येतो. मग उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी कायद्याच्या कलम २४ खाली नोंदणी घ्यावी लागते. असं काम देण्याआधी सीएला विचाराच.

शेवटी टीडीएस, म्हणजे परदेशी विक्रेत्याला पैसे देताना कापायचा आयकर. तयार सॉफ्टवेअरच्या परवान्याचे पैसे दोन देशांतल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारांच्या व्याख्येप्रमाणे रॉयल्टी ठरत नाहीत, त्यामुळे त्यांवर तो कापावा लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने इंजिनिअरिंग अॅनालिसिस प्रकरणात २ मार्च २०२१ रोजी दिला. हा आधार अशा करारावर उभा आहे, त्यामुळे विक्रेत्याचं कर-रहिवासी प्रमाणपत्र आणि भारतात कायम आस्थापना (धंद्याची कायमची जागा) नसल्याचं पत्र फाइलमध्ये हवं. खास बनवून घेतलेल्या कामाला हा निकाल तसाच लावता येत नाही. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्याने जुन्या लेखांतले कलमांचे आकडे तपासून घ्या. प्रमाणपत्र मागायचं ते नूतनीकरणाच्या आधी. पैसे मिळाल्यावर विक्रेत्याचा सपोर्ट विभाग अशा मेलना सावकाश उत्तर देतो, आणि वर्गणी कार्डावर आपोआप कापली जात असेल तर मधे थांबवायची संधीच मिळत नाही.