साडेतीन टन ओढणारी गाडी आणि सहा माणसांचे कुटुंब

मेलबर्नमधल्या मराठी कुटुंबांत मोठी गाडी घ्यायचा विषय निघाला की दोन गरजा एकदमच पुढे येतात. भारतातून आई-बाबा काही महिन्यांसाठी येतात, तेव्हा सहा-सात माणसे एकाच गाडीत मावली पाहिजेत. आणि मुले थोडी मोठी झाली की शाळेच्या सुट्ट्यांत कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचे चाकांवरचे छोटे घर, जोडून ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांत किंवा गिप्सलँडच्या किनाऱ्यावर जायचे असते. मग माहितीपत्रके उघडली जातात आणि नजर एकाच रकान्यावर खिळते : टोयोटा क्लुगर २००० किलो ओढते, निसान पाथफाइंडर २७००, तर फोर्ड एव्हरेस्ट आणि इसुझु एमयू-एक्स ३५०० किलो. जिचा आकडा मोठा ती गाडी सरस, असे ठरवून बोलणे संपते. माझे मत असे आहे की, भरलेले कुटुंब आणि कॅरव्हॅन या दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच गाडीकडून हव्या असतील, तर हा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा.

कारण या आकड्याच्या जोडीला आणखी तीन वजने असतात आणि ती माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत दिलेली असतात. गाडीचे स्वतःचे, टाकी भरलेले पण माणसांविना वजन हे पहिले. माणसे, सामान आणि टोबारवर (कॅरव्हॅन जोडायच्या गाडीमागच्या दांड्यावर) आलेला भार धरून गाडीचे जास्तीत जास्त वजन किती असावे, ही दुसरी मर्यादा. तिला इथे जीव्हीएम म्हणतात. गाडी आणि कॅरव्हॅन मिळून सगळे किती भरावे, ही तिसरी, ती जीसीएम. ओढण्याचा आकडा, जीव्हीएम आणि जीसीएम या तिन्ही मर्यादा एकाच वेळी पाळाव्या लागतात आणि त्यांतली जी आधी गाठली जाईल तीच तुमची खरी मर्यादा ठरते.

एमयू-एक्सचे उदाहरण घेतो, कारण ती ओढण्यासाठीच घेतली जाते आणि त्या कामात ती खरोखर चांगली आहे. तीन लिटरचे डिझेल इंजिन, ४५० न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर), खाली मजबूत लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखा वेगळा सांगाडा. तिच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या वरच्या श्रेणीतल्या मॉडेलचे स्वतःचे वजन सुमारे २१७५ किलो, जीव्हीएम २८०० आणि जीसीएम ५९०० किलो आहे. आता मागे पूर्ण ३५०० किलोची कॅरव्हॅन लावली, तर ५९०० मधून गाडीसाठी २४०० किलो उरतात. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन गेले की राहतात २२५ किलो. म्हणजे दोन मोठी माणसे, एक मूल आणि थोडेफार सामान. आई-बाबा घरी राहणार.

उलट बाजूने हिशोब मांडला तर चित्र आणखी स्पष्ट होते. आपण दोघे मिळून १५० किलो, आई-बाबा १३०, दोन मुले ६०, आणि टोबार, लहान फ्रीज, पिशव्या यांचे ६० धरू. एकूण ४०० किलो झाले. गाडी २५७५ वर पोहोचली. जीव्हीएमला आता फक्त २२५ किलो शिल्लक आहेत आणि टोबारवर कॅरव्हॅनचा जो भार येतो तो याच २२५ मध्ये बसवायचा आहे. हा भार कॅरव्हॅनच्या वजनाच्या साधारण दहा टक्के असावा असा इथला प्रघात आहे. म्हणजे ३५०० किलो ओढणारी ही गाडी, सहा माणसे बसलेली असताना, सुमारे २२५० किलोची कॅरव्हॅन ओढते. क्लुगरच्या २००० किलोंत आणि एमयू-एक्सच्या ३५०० किलोंत माहितीपत्रकावर जे दीड टनाचे अंतर दिसत होते, ते कुटुंब गाडीत बसताच अडीचशे किलोंच्या आसपास येऊन ठेपते. क्लुगरलाही अर्थात हाच हिशोब लागू आहे. सोळाशे किलोच्या कॅरव्हॅनचा १६० किलो भार आणि वरचे ४०० मिळून ५६० किलो झाले, आणि तुम्ही पाहत असलेल्या मॉडेलची वहनक्षमता त्याहून जास्त आहे का, हे सही करण्यापूर्वी तपासावेच लागते.

टोबारवरच्या भाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रवासातली सुरक्षितता सर्वांत जास्त त्यावर अवलंबून असते. बैलगाडीत मागे जास्त ओझे भरले की गाडी उलाळते आणि पुढे जास्त झाले की जू बैलांच्या मानेवर बसते. कॅरव्हॅनचेही अगदी तसेच आहे. भार फार कमी असला तर वेग वाढताच कॅरव्हॅन शेपटासारखी डोलू लागते आणि मग ती आवरणे कठीण होते. फार जास्त असला तर गाडीचा मागचा भाग बसतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते. हा भार मोजायला एक साधे उपकरण मिळते. सपाट जागी कॅरव्हॅनच्या चाकांना अटकाव लावून ते टोबॉलच्या (टोबारवरच्या गोळ्याच्या) उंचीवर, कॅरव्हॅनच्या कपलिंगखाली (त्या गोळ्यावर बसणाऱ्या जोडाखाली) उभे धरायचे आणि पुढचे छोटे चाक हळूहळू वर घ्यायचे. सगळा भार उपकरणावर आला की काटा स्थिरावतो. अ‍ॅक्सलच्या पुढे असलेली पाण्याची टाकी रिकामी ठेवून एकदा आणि भरून एकदा मोजून पाहावे. ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो, आणि त्यातला काही वाटा टोबॉलवर येतो. आम्ही आता टाकी रिकामी ठेवून निघतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर भरतो.

कॅरव्हॅनच्या पाटीवरही दोन वजने असतात. विक्रेता आवर्जून सांगतो ते रिकामे वजन, आणि हिशोबात धरायचे ते भरलेले कमाल वजन. पाणी, नऊ-नऊ किलोचे दोन गॅस सिलिंडर, चांदणी, खुर्च्या, अंथरुणे, डाळ-तांदूळ आणि कुकर धरले की तीनचारशे किलो सहज वाढतात. ट्रकवाले वापरतात तसा सार्वजनिक वजनकाटा बहुतेक भागांत सापडतो. घरातली सगळी माणसे बसवून, सगळे सामान भरून, गाडी आणि कॅरव्हॅन एकदा तरी त्यावर नेऊन आणावी, असा माझा आग्रह आहे.

मोनोकॉक बांधणीच्या, म्हणजे वेगळी फ्रेम नसून सांगाडा आणि बॉडी एकसंध असलेल्या गाड्यांत आकड्यांची तफावत मोठी आहे आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. किया सोरेंटोचे डिझेल मॉडेल २००० किलो ओढते, तर त्याच गाडीचे हायब्रिड मॉडेल १६५० किलोंवर थांबते. २०२० साली आलेल्या पिढीच्या डिझेल सोरेंटोला सुरुवातीला टोबारवर फक्त १०० किलो भाराची परवानगी होती. दहा टक्क्यांच्या प्रघाताने मोजले तर ती एक टनाची कॅरव्हॅन झाली, मग वर दोन टन लिहिलेले का असेना. पुढे ही मर्यादा वाढवली गेली. पण जुनी गाडी घेणाऱ्याने नेमके कोणत्या वर्षाचे मॉडेल आहे ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझदा सीएक्स-८० डिझेल २५०० किलो ओढते आणि तिचे सहा सिलिंडरचे ५५० न्यूटन-मीटर टॉर्कचे इंजिन या वर्गात मला सर्वांत आवडते. पाथफाइंडर २७०० किलो ओढते, पण तिचे ३.५ लिटरचे व्ही-६ पेट्रोल इंजिन ३४० न्यूटन-मीटरच देते, त्यामुळे चढावर ते वरच्या आरपीएमवर फिरवत ठेवावे लागते आणि इंधनही तसेच लागते.

हा फरक प्रत्यक्ष अनुभवायचा असेल तर मेलबर्नहून बॅलरॅटकडे जाणारा वेस्टर्न फ्रीवे पुरेसा आहे. बॅकस मार्श मागे पडले की पेंटलँड हिल्सचा लांबलचक चढ लागतो, आणि बहुधा समोरून वारा असतो. कॅरव्हॅनचा सपाट, उंच तोंडवळा वाऱ्याला जो अडथळा करतो, तो तिच्या वजनापेक्षाही जास्त इंधन खातो. अशा ठिकाणी डिझेल गाडी कमी आरपीएमवर शांतपणे चढत राहते. क्लुगर हायब्रिड चढते, मागेही पडत नाही. फक्त बॅटरी लहान असल्याने लांब चढावर ती लवकर रिकामी होते आणि मग अडीच लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा आवाज केबिनमध्ये चांगलाच जाणवतो. उतारावर ब्रेकची ऊर्जा पुन्हा बॅटरीत जाते, हा तिचा फायदाही तितकाच खरा आहे.

तरीही कॅरव्हॅन मागे असते ती वर्षातले काही आठवडे. उरलेल्या काळात हीच गाडी शाळेच्या दारात, स्टेशनच्या पार्किंगमध्ये, शनिवारी भाजीबाजारात उभी असते. लॅडर फ्रेमच्या गाड्यांत फ्रेम आणि मागचा अ‍ॅक्सल यांमुळे तळ उंच येतो, त्यामुळे तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याचे गुडघे छातीकडे येतात. माझी आई सत्तरीच्या पुढे आहे आणि तिच्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. एव्हरेस्टमध्ये चढताना तिला पायरी आणि वरची मूठ, दोन्हींचा आधार घ्यावा लागला. उतरताना तर बाबांनी हात दिला. क्लुगरमध्ये ती खुर्चीवर बसावे तशी सहज बसली. मला वाटते, शोरूममध्ये गाडी पाहायला जाताना ज्येष्ठांना बरोबर नेल्याशिवाय निर्णय घेऊच नये. सातही जागा वापरात असल्या की सामानाची जागा मात्र सगळ्याच गाड्यांत तुटपुंजी होते. क्लुगरमध्ये ती २४१ लिटर आहे, म्हणजे विमानतळावर चौघांच्या बॅगा आणायला दोन गाड्या लागणारच. इंधनाचे म्हणाल तर अधिकृत मोजणीनुसार क्लुगर हायब्रिड १०० किलोमीटरला ५.६ लिटर घेते आणि पाथफाइंडर १०.५ लिटर. रोजच्या वापरात हे अंतर महिन्याच्या खर्चात स्पष्ट दिसते.

भारतातल्या वाचकांना एव्हरेस्ट ही एंडेव्हर या नावाने माहीत असेल आणि तिच्या दणकटपणाबद्दल वेगळे सांगायला नको. ज्यांना खरोखरच दुहेरी अ‍ॅक्सलची, अडीच टनांची कॅरव्हॅन घेऊन महिनोन्महिने ऑस्ट्रेलिया पालथा घालायचा आहे, आणि गाडीत दोघे किंवा तिघेच असणार आहेत, त्यांच्यासाठी एव्हरेस्टचे व्ही-६ डिझेल किंवा एमयू-एक्स हाच योग्य मार्ग आहे. ६०० न्यूटन-मीटर टॉर्कची ती एव्हरेस्ट मोठ्या कॅरव्हॅनपुढे निवांत असते, आणि ओढणारी गाडी वजनदार असली की मागच्या डोलण्याचा तिच्यावर परिणामही कमी होतो.

आमच्या कुटुंबासाठी मात्र मी क्रम उलटा केला. आधी कॅरव्हॅन ठरवली, एका अ‍ॅक्सलची, भरलेले कमाल वजन सोळाशे किलोंच्या आतले. आणि मग तिला व आम्हा सहा जणांना पुरेल अशी गाडी शोधली, ती क्लुगर हायब्रिड निघाली. कॅरव्हॅन दोन टनांच्या आत ठेवल्याचा आणखी एक लाभ झाला. इथल्या नियमांनुसार ७५० किलोंच्या वर ट्रेलरला ब्रेक लागतातच, पण २००० किलोंच्या वर सर्व चाकांना ब्रेक आणि कॅरव्हॅन सुटलीच तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंधनकारक होते. आमच्या कॅरव्हॅनला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत, म्हणून गाडीत त्यांचा कंट्रोलर बसवावा लागला. तो आणि टोबार हे दोन्ही गाडी ताब्यात घेण्याआधीच बसवून घ्यावेत, आणि टोबारवरच्या पाटीवर कोरलेली भाराची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा कमी नाही ना, हे वाकून स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. दोन्हींत जो आकडा लहान असेल तोच कायद्याने लागू होतो.